व्रतचाळणी

“उपास सोडायच्या आधी धाकटीच्या दाराशी जाऊन ये. तिच्याकडे शिजलं असेल तर येऊन जेव. नसेल शिजलं, तर तुझं पान उचलून तिकडे ने. घरातलं एक पोट रिकामं ठेवून सोडलेला उपास मार्कंडेयाला पोचत नाही, हे ध्यानात ठेव.”

अत्तम्मा हे सांगायची तेव्हा तिच्या हातात सुताची लडी असायची आणि नजर लडीवरच असायची. गड्डमांच्या घरात सासूला अत्तम्मा म्हणत आणि मार्कंडेयाला कुळाचा देव मानत. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. थोरला मुलगा तिच्यामागून तापाने गेला, धाकटा काम शोधायला म्हणून दक्षिणेकडे गेला तो परतलाच नाही. सोलापुराबाहेरच्या विणकर वसाहतीत एका भिंतीला पाठ लावून दोन खोल्या उरल्या. एकीत थोरली सून नागमणी. दुसरीत धाकटी श्रीलता आणि तिची मुलगी भार्गवी.

श्रावणातल्या सोमवारी संध्याकाळी नागमणीने देवापुढे दिवा लावला, पान वाढून झाकून ठेवलं आणि ती धाकटीच्या दारात गेली. अत्तम्माच्या वेळी चुलीचा धूर बघून कळायचं. आता शेगडी विजेची, धूर कुठला? नागमणी फोडणीचा वास घ्यायची. त्या दिवशी वास नव्हता.

भार्गवी आमटीत भाकरी कुस्करून जेवत होती. ती भाकरी नागमणीनेच दुपारी दिलेली. श्रीलता भिंतीला टेकून लेकीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की बघणाऱ्याला वाटावं हीच जेवून उठली आहे.

“तू जेवलीस?” नागमणीने विचारलं.

“आज सोमवार ना, अक्का. उपास आहे.”

“सोमवार संध्याकाळी सोडतात.”

“मी यंदा दुसऱ्या दिवशी सोडायचा असा धरलाय.”

“आणि कालचा?”

“काल आदित्यराणूबाईचा.”

“शनिवारी मारुतीचा, शुक्रवारी जिवतीचा,” भार्गवी तोंडात घास ठेवूनच म्हणाली. “पेद्दम्मा, आईच्या कॅलेंडरात एक पण वार रिकामा नाही.” थोरल्या काकूला ती पेद्दम्मा म्हणे. “तुझ्यापेक्षा आईच देवाची जास्त लाडकी होणार बघ.”

श्रीलता हसली. हसताना तिच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या.

नागमणीने आपलं पान आणून तिच्यापुढे ठेवलं. श्रीलताने त्यातला एक घास खाल्ला, मग खोकला आल्याचं निमित्त करून ताट लेकीकडे सरकवलं. हे रोजचंच होतं. टॉवेलच्या कडा शिवून नागमणीला मिळे ते एका पोटाला बेताचं होतं. त्यात तिघी बसल्या होत्या.

वसाहतीत प्रत्येकाच्या दंडावर एक बिल्ला असे. रुपयाएवढी चकती, आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया. त्या टोचत नसत, फक्त कातडीखालच्या पाण्यात बुडून राहत आणि त्या पाण्यात काय विरघळलं आहे ते वाचत. माणूस जेवला नाही की शरीर आधी यकृतात साठवलेली साखर वापरतं. ती सरली की चरबी वितळवतं, आणि रक्तात कीटोन नावाची द्रव्यं उतरतात. चरबीही सरत आली की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खायला घेतं. हा क्रम कोणाला चुकलेला नाही. बिल्ला तो वाचून रोज पहाटे जीवनाधार मंडळाला कळवत असे. घरातलं सगळ्यांत उपाशी माणूस ज्या पायरीवर असेल त्याप्रमाणे त्या घराचा हक्क ठरे. सकाळी चौकातल्या धान्ययंत्रावर तळवा टेकवला की ज्वारी, डाळ, तेल बाहेर येई. माणूस अगदीच खालच्या पायरीवर असेल तर दूध, अंडी, औषध, आणि डॉक्टर दारात.

दाखला नको, शिफारस नको, साहेबांच्या पाया पडणं नको. यंत्रावर लिहिलेलं असे, ‘पोट खोटं बोलत नाही’. आणि ते काही वर्षं अगदी खरं ठरलं. माग मजुरांशिवाय चालू लागले तेव्हा जी वसाहत रिकामी व्हायची, ती या चकतीने उभी धरली. अंगणवाडीतल्या पोरांच्या पोटऱ्या भरल्या. म्हातारी माणसं उन्हाळा काढू लागली. नागमणी रोज देवापुढे मार्कंडेयाचं नाव घेई आणि त्या मागोमाग, कोणाला ऐकू जाणार नाही असं, यंत्रालाही नमस्कार करी.

अडलं ते श्रावणात. सोमवार आला की निम्म्या वसाहतीचे बिल्ले भूक सांगत. भरल्या घरातल्या बायकाही उपाशी, आणि यंत्राला देवासाठीची भूक आणि दैवाने आलेली भूक यातला फरक कळेना. ज्यांना लागत नाही त्यांच्याकडे धान्य चाललं, असा वरून आक्षेप आला. मग मंडळाने नवी युक्ती काढली. व्रत करणाऱ्या काही बायका निवडल्या, त्यांच्या उपासाचा आलेख वर्षभर वाचला आणि त्यावरून यंत्राला शिकवलं. त्या बायकांत नागमणी पहिली होती. तिच्यासारखा नेमाचा उपास वसाहतीत कोणाचा नव्हता.

सापडलं ते असं. भीतीच्या वेळी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं द्रव्य सोडतात. उद्या खायला मिळेल की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याच्या अंगात ते चढतं आणि खाली येतच नाही. स्वतःहून उपास धरणाऱ्याच्या अंगात ते थोडं चढतं आणि खाली बसतं. कारण त्याचं मन शांत असतं. भूक आणि भीती, तर गरिबी. भूक आणि शांती, तर व्रत. या गाळणीला मंडळात व्रतचाळणी म्हणत, आणि शांत भुकेचं माप नागमणीचं होतं.

श्रीलताची भूक या चाळणीतून खाली पडत होती.

बिल्ले तपासायला महिन्यातून एकदा कुलदीप वाघोले येई. तरुण, सभ्य, चपला बाहेर काढून घरात शिरणारा. नागमणीने त्याला पाणी दिलं आणि भिंतीकडे बोट केलं.

“माझ्या जावेचा आलेख दाखवा.”

“दुसऱ्याचा दाखवता येत नाही, मावशी.”

“मला दाखवायला तिची हरकत नाही. तुमच्यासमोर तसा अंगठा दिलाय तिने मघाशी, माझ्याच नावाने.”

त्याने हातातली पाटी उघडली आणि आलेख मागेपुढे सरकवून बघितला.

“स्नायू जातायत,” शेवटी तो म्हणाला. “दोनतीन आठवड्यांपासून. आता हृदयही स्नायूच असतं, मावशी.”

“मग यंत्र का उघडत नाही?”

“भीती नाही. ही रेघ बघा. आणि ही तुमची.” दोन्ही रेघा बहिणी-बहिणींसारख्या होत्या. “यंत्र म्हणतंय, ही बाई व्रतस्थ आहे. शिवाय चौकात यंत्राने तीनदा विचारलं, आज उपास आहे का? तिने तीनदा हो म्हटलंय.”

“मागे बायकांची रांग असते. ‘मला खायला नाही’ असं कोण बोलेल रांगेत? आमच्यात नाही बोलत तसं. उपासच म्हणतात.”

“यंत्राला ते कसं कळणार?”

“तुम्हाला कळलं ना आता? मग तुम्ही लिहा.”

कुलदीपने मान खाली घातली. “माणसाने लिहिलेलं चालत नाही. एकदा आमचा हात चालू दिला की ओळखपाळख सुरू होते. म्हणून कोणालाच हात ठेवलेला नाही. मला नाही, माझ्या साहेबांना नाही. तक्रार टाकतो. पावसाळा संपता संपता उत्तर येईल.”

“ती पावसाळा संपेपर्यंत टिकेल?”

त्याने पाण्याचा पेला तेवढा पालथा घालून ठेवला, जणू घर त्याचंच.

“यल्लप्पाला बोलावू का?” नागमणीने विचारलं.

कुलदीपला नको असताना हसू आलं. यल्लप्पा एके काळी देवीच्या जत्रेत राक्षसाचं सोंग घ्यायचा. व्रतचाळणी आली आणि त्याचा धंदा पुन्हा उभा राहिला. पहाटेच्या वाचनाआधी तो लोकांच्या घरात घुसे, थाळ्या बडवी, कोयता नाचवी, “तुझा नवरा ट्रकखाली आला गं!” म्हणून छाती पिटी. घरातली बाई थरथर कापे, बिल्ला भीती वाचे, यंत्र उघडे, आणि यल्लप्पाला त्यातली मापटंभर ज्वारी मिळे. ज्यांना यल्लप्पा परवडत नसे त्यांच्याकडे नवरे ते काम फुकट करत. त्या काळात वसाहतीतल्या बायका पहाटे जाग्या होत त्या हात डोक्यावर धरूनच. कोणी कोणाला दोष देत नसे. पोरं जेवत होती.

“आता यल्लप्पा चालत नाही,” कुलदीप म्हणाला. “यंत्र शिकलं. क्षणाची दचक ते वगळतं. भीती टिकायला हवी. रोज, झोपेतसुद्धा. सलग पंधरवडाभर.”

“म्हणजे खरी.”

“हो. खरी.” तो उठला. दारात चपला घालताना, पाठमोराच, म्हणाला, “मावशी, मी हे बोललो नाही. पण त्या घाबरतील असं काहीतरी बघा.”

नागमणीला खोटं बोलता येत नसे. तिचा तो नेमच होता, अत्तम्माने लग्नाच्या वर्षी घालून दिलेला. म्हणून तिने खऱ्यानेच सुरुवात केली. भार्गवी शाळेत गेल्यावर ती श्रीलताजवळ बसली आणि तिचं काटकीसारखं मनगट हातात घेतलं.

“तुझं काळीज झिजतंय. वाघोले सांगून गेलाय.”

“मलाही कळतं ते. जिना चढताना.”

“तू मरशील, श्रीलता.”

“हं.”

“भीती नाही वाटत?”

“वाटायची. भागू तान्ही होती तेव्हा रात्र रात्र वाटायची. माझ्यामागे हिला कोण बघणार?” तिने नागमणीच्या खांद्यावर डोकं टेकलं. “आता तुम्ही आहात की. तुम्ही स्वतः उपाशी राहाल पण तिला नाही ठेवणार. मी डोळे मिटले तरी तिच्या पानात पडेल. मग कशाची भीती, अक्का?”

कुलदीपच्या पाटीवरची ती सरळ, शांत रेघ नागमणीला आठवली. ती रेघ तिनेच काढलेली होती. रोज झाकून नेलेल्या पानाने, विचारपुशीने, पोरीच्या वेण्या घालून. तिने जाव एवढी निर्धास्त करून ठेवली होती, की ती आता त्या निर्धास्तपणानेच मरणार होती.

तिने हात सोडवून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा ती कडवट बोलली.

“माझ्यावर एवढा भरवसा टाकू नकोस. बारशाच्या दिवशी कुठे होता तो? पाळण्याला हात लावू दिला नव्हतास. ‘वांझेची नजर’ म्हणाली होतीस. मी स्वयंपाकघरात घुगऱ्या ढवळत होते, मला ऐकू आलं होतं.”

श्रीलता हळूच सरळ बसली. तिचे डोळे, इतके दिवस विझलेले, एकदम जागे झाले. ती रागावली नव्हती. तिला काहीतरी सुचलं होतं.

“ऐकलं होतं तुम्ही,” ती म्हणाली. “आणि तरी रोज पान आणता.”

“ते अत्तम्माला दिलेलं वचन आहे.”

“अक्का, खरं सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून विचारते. माझी पोर तुम्हाला हवी होती ना?”

शेजारच्या घरात कोणाच्या तरी शिवणयंत्राची खडखड चालू होती. ती थांबली.

“हवी होती,” नागमणी म्हणाली. “अजून आहे.”

“मला ठाऊक आहे. मी पाण्याला जाते तेव्हा तुम्ही तिला मांडीवर घेऊन ‘माझी’ म्हणता, तेही ठाऊक आहे. बारशाला वाटलेली ती भीती मी खाली दाबून ठेवलीय, मेलेली नाही. तीच वर काढायची.” श्रीलताला धाप लागली, पण ती थांबेना. “तिला घेऊन जा. मला कुठे ते सांगू नका. कधी नेणार तेही सांगू नका. माझ्याशी ठरवून गेलात असं मला वाटता कामा नये. निरोप धाडायचा नाही. मी कोणाहाती विचारलं तरी नाही.”

“तुला माहीत असेल ना, मी परत आणणार म्हणून?”

“पहिल्या दिवशी माहीत असेल. दुसऱ्या दिवशीही असेल. मग रिकाम्या खोलीत बसून मला बारसं आठवेल.” ती हसली, तेच गळ्याच्या शिरांचं हसू. “तुम्ही एकट्याच अशा आहात की ज्यांच्याकडे पोर सुखरूप राहील आणि मला झोप लागणार नाही. दुसऱ्या कोणाचा उपयोग नाही.”

“आणि पंधरवडा तुझं अंग टिकलं नाही तर?”

“तर तुमचीच आहे ती.” तिने हे इतक्या सहज म्हटलं, की नागमणीला तिला मारावंसं वाटलं. “वचन द्या. आणि एक अजून. निघताना मी जागी झाले तर विचारीन, परत आणाल ना? मी नक्की विचारीन, मला माझा स्वभाव माहीत आहे. तुम्ही हो म्हटलंत तर संपलं. तुमच्या शब्दावर मी गाढ झोपेन. तेव्हा तुम्ही काही बोलायचं नाही.”

“श्रीलता—”

“मार्कंडेयाची शपथ घ्या.”

नागमणीने शपथ घेतली. देवापुढच्या दिव्याची वात पुढे ओढताना तिचं बोट भाजलं, ते तिने बाजूला केलं नाही.

दिवस तिने मनातच ठरवला. मधल्या काळात ती जशी होती तशीच वागली. पान नेत राहिली, वेण्या घालत राहिली. श्रीलताही पुन्हा त्याबद्दल बोलली नाही, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ते जुनं समाधान परतलं. तिला बहुधा वाटलं असेल, अक्काच्याने हे होणार नाही.

पुढच्या सोमवारी उजाडताना, पहाटेचं वाचन होऊन गेल्यावर, नागमणीने आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि उपासाचा संकल्प केला. आपल्याकडे राहिलेले भार्गवीचे दोन फ्रॉक आणि शाळेचं एक पुस्तक पिशवीत घातलं. आदल्या संध्याकाळच्या दोन भाकऱ्या शिंकाळ्यात होत्या. रोजच्या सवयीने तिने त्या पानात काढल्या, भिंतीपलीकडे न्यायला म्हणून. मग ती थांबली. पान तिकडे गेलं की श्रीलताला कळणार, अक्का आहे, सगळं ठीक आहे. तिने भाकऱ्या फडक्यात बांधून पिशवीत टाकल्या, पोरीसाठी. अत्तम्मा गेल्यापासून धाकटीकडचं पान तिने एकदाही चुकवलं नव्हतं. आज ती पान न घेताच तिच्या खोलीत शिरली.

तिने हलवलं तशी भार्गवी झोपेतच उठून उभी राहिली. “कुठे जायचं, पेद्दम्मा?”

“बसने जायचं.”

“आई येणार?”

“नाही.”

“तिचा उपास आहे म्हणून?”

नागमणीने तिच्या चपलेचा पट्टा आवळला. पोरीचा हात हातात घेतला तेव्हा तो इतका गरम, इतका बिनघोर होता, की तिच्या अंगातून एक आनंद वर आला. तो तिला आवरेना. तिला त्या आनंदाची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती. तिच्या दंडावरच्या बिल्ल्याने ती वाचली असेल तर वाचो. तिची भूक व्रताची ठरलेली, ती तिथे कोणी मोजत नव्हतं.

उंबऱ्याबाहेर पाय पडला आणि मागून घोंगडी सरकल्याचा आवाज आला.

“अक्का?”

नागमणी थांबली. वळली नाही.

“आज? आजच?” भिंत धरून उठण्याची धडपड ऐकू आली. “भागूचं स्वेटर घेतलंत का? तिला बसमध्ये वांती होते, खिडकीशी बसवा.” आणि मग तो आवाज, ज्यात कालपर्यंतची शांती तळापासून हलली होती. “अक्का, परत आणाल ना?”

भार्गवीने मान वर करून पेद्दम्माकडे बघितलं. तीही उत्तराची वाट बघत होती.

नागमणीच्या जिभेवर ‘हो’ आलं होतं. ते खरं होतं का, हे त्या क्षणी तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“अक्का? अहो, बोला ना! अक्का, तुम्ही वचन... नाही, ते राहू दे, मला नको धान्य, नुसतं हो म्हणा. अक्का!”

चौकातलं यंत्र अजून बंद होतं. त्याच्यासमोर बायकांची रांग लागायला सुरुवात झाली होती. मागून येणारा आवाज ऐकून दोघीतिघींनी माना वळवल्या, आणि यल्लप्पाच्या दिवसांपासून ऐकलेला तो घाबरा आवाज ओळखून पुन्हा समोर बघितलं.

नागमणीने पोरीच्या डोक्यावर पदर ओढला, तिचे कान झाकतील असा, आणि काही न बोलता ती बसथांब्याच्या दिशेने चालू लागली.